देगलूरचा मावसभाऊ

माझं वय छत्तीस. बायोडाटावर चौतीस. मध्यस्थ शेषेरावमामा म्हणतात बत्तीस लिहू, पण टकलाला कोण समजावून सांगणार? बी.एस्सी. अ‍ॅग्री झालोय, चाळीस एकर रान आहे, देगलूरला आडत दुकान आहे, दारू नाही, गुटखा नाही. एवढं सगळं ऐकून घेऊन समोरचा माणूस विचारतो, "ते सगळं बरोबर, पण पोरगा करतो काय?" आता काय करतो म्हणजे? झक मारतो! सात वर्षं झाली, लोकांच्या घरचे पोहे खात हिंडतोय. कुणाचे खारट, कुणाचे गार. पोरगी द्यायला मात्र कुणी तयार नाही.

यंदा घरात बॅटरीवरची गाडी घ्यायचं ठरलं. माझ्या डोळ्यापुढं साधी होती, आपल्याच देशातल्या कंपनीची. नांदेडला शोरूम, नांदेडलाच मेकॅनिक, मागची सीट पाडली की चार पोती बसतात, शेताच्या रस्त्याला बूड घासत नाही. चालवून बघितली, आवडली. अप्पांनाही आवडली. अप्पा म्हणजे माझे वडील, गुरुपादप्पा. विषय तिथंच मिटला असता, पण मामा मधी पडले.

"साध्या गाडीत गेलास तर साधाच दिसशील," मामा म्हणाले. "पोरीवाले आता आधी गाडी बघतेत, मग पोरगा. ती परदेशी घ्या. दारात हुबी ऱ्हायली की पोरीचा बाप नोकरीचं इचारायचंच इसरतो बघा."

परदेशी म्हणजे साधीच्या तिप्पट. सीटमधून गार वारा येतो, छत काचेचं. नांदेडात तिचं शोरूमसुद्धा नाही. कंपनीवाल्यांनी एका हॉटेलात चार दिवस गाड्या आणून ठेवल्या होत्या, लोकांना चालवून बघायला. अप्पांनी दोन दिवस हिशोब केला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "रामलिंग, पोरगी हाव म्हणली तर परदेशी घेऊ. न्हाई म्हणली तर साधी. मग काय, पोतीच तर आणायचीत."

असं माझं लग्न आणि गाडी एकाच दाव्याला बांधून टाकलं. मी हाव म्हणलो. मला ती पोरगी पाहिजे होती हो, खोटं कशाला बोलू.

पोरगी म्हणजे मंजुश्री. उदगीर-लातूर रस्त्यावर, नळेगावच्या जरा पुढं गाव. वडील दयानंद सर, रिटायर झालेले मास्तर. ती स्वतः लातूरच्या एका शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाऊन-येऊन. मामांनी फोटो मोबाईलवर पाठवला होता. किती वेळा बघितला ते विचारू नका.

रविवारी सकाळी नांदेडवरून ती मोठी गाडी एका दिवसाच्या बोलीवर आणली. मामांनी कुठूनतरी ओळख लावली होती. बॅटरी भरलेली नव्हती, सत्तर टक्केच होती. तिथून देगलूर ऐंशी किलोमीटर. गावात शिरलो तसा अप्पांना काय ऊत आला देव जाणे, येईल त्याला आत बसवायचे आणि मला म्हणायचे, "ने रे, एक फेरी मारून आण." सरपंच बसला, न्हावी बसला, ज्यांच्याशी बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे तेही बसले. "लागतंय का गार बुडाला?" अप्पा हरेकाला विचारत होते. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता, म्हणून मी पण गप गाडी फिरवत राहिलो.

अडीचला निघालो. मी, अप्पा, मामा आणि थोरले चुलते. उदगीरला आलो तेव्हा तेरा टक्के उरली होती. तिथं चार्जर होता, मोकळा होता. मी गाडी हळू केली.

"अर्धा तास लावू," मी म्हणलो.

मामांनी घड्याळ बघितलं. "येडा झालास का? साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत उंबरा वलांडायला पाहिजे. गाडीच सांगून राहिली ना पंचेचाळीस किलोमीटर जाईल म्हून? आपल्याला जायचंय पस्तीस."

"मामा, येताना?"

"आजवर राहुकाळ पाळला न्हाई, म्हून तर हे दिवस आले," अप्पा मागून म्हणाले. "चल."

चाललो. एसी बंद केला, घामानं शर्ट भिजला, सव्वाचारला दारात उतरलो. बॅटरी दोन टक्के. पोराटोरांनी गाडीला गराडा घातला. दयानंद सरांनी गाडी बघितली, "या या" म्हणाले, आणि पोहे यायच्या आत विचारलं, "मग, सध्या नोकरी वगैरे कुठं?" मामा वरचा पंखा बघायला लागले.

मंजुश्री आली, बसली, उठून गेली. सर म्हणाले, "छान. घरात बोलतो आणि कळवतो."

हे कळवतो मला पाठ आहे. कळवतो म्हणजे फोन येत नाही. आपण चार दिवस मोबाईल उशाशी घेऊन झोपायचं आणि पाचव्या दिवशी समजून जायचं. त्यात एक बरं असतं, समोरासमोर कुणाचं तोंड बघावं लागत नाही. आपली ही रीत चांगली आहे, असं मी नेहमी म्हणायचो.

रामराम झाले, गाडीत बसलो, गाडी अंगणातून फाटकापर्यंत गेली आणि बसकण मारली तिनं. पुढं हलेच ना. मामा खाली उतरले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "सर, जरा करंट मिळंल का?"

जाड प्लग बसेल असा एकच पॉइंट घरात होता, मंजुश्रीच्या खोलीत, एसीसाठी केलेला. गाडी ढकलत भिंतीपाशी आणली. मी खिडकीतून वायर आत दिली, तिनं प्लग लावला. उदगीरच्या चार्जरपर्यंत पोचायचं तर दोन-अडीच तास लागणार होते. बाकीची माणसं पुन्हा बैठकीत जाऊन बसली. मी खिडकीपाशीच उभा राहिलो. मला आता कसलीच लाज उरली नव्हती.

"कळवतो म्हणजे न्हाईच ना?" मी विचारलं.

ती म्हणाली, "हो."

"शेती हाय म्हून?"

"माझी थोरली बहीण निलंग्याकडं दिलीय," ती म्हणाली. "शेतीवालेच. दारात मोठी गाडी आहे. पाच वर्षांत ताई त्या गाडीतून दोनदा आली. एकदा बाळंतपणाला, एकदा आजी गेली तेव्हा. तुमच्या आई का नाही आल्या आज?"

सकाळपासून अर्धं गाव त्या गाडीत बसलं होतं, न्हावीसुद्धा बसला होता, आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, मी बस म्हणलोच नव्हतो. ती चुलीपुढं होती. जनावरांचं कोण बघणार म्हणाली, आणि मला ते बरोबरच वाटलं होतं.

"गाडी तुमची आहे?" तिनं विचारलं.

"न्हाई. उद्या परत द्यायची. तुम्ही हाव म्हणला असता तर घेणार होतो."

"आणि आता?"

"साधी."

ती हसली. त्यात कुचकेपणा नव्हता. "साधीच चांगली. आमच्या मुख्याध्यापक मॅडमकडं आहे, काही त्रास नाही तिचा." मग आवाज बारीक करून म्हणाली, "राहुकाळ सुटला की दुसरे पाहुणे येणार आहेत. तोवर होईल का हो चार्ज?"

होणार नव्हती. पण खरं सांगू का, आधी नुसता तिचा फोटो आवडला होता. आता ती आवडली, न्हाई म्हणून झाल्यावर! तोंडावर खरं बोलणारं माणूस सात वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं, आणि ते मला नको म्हणत होतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी दुसरे पाहुणे आले. आई, बाप आणि मुलगा. मुलगा भागवत, नांदेडला सरकारी ऑफिसात कारकून. आले ते त्याच साध्या गाडीतून, मला पाहिजे होती त्याच रंगाच्या. पण उतरल्या उतरल्या बापाची नजर आमच्या गाडीवर गेली.

"अरे बाप रे! ही कुणाची?"

दयानंद सरांचा चेहरा पांढराफटक पडला. पोरगी बघायला आलेले आणि नाकारलेले लोक अजून घरातच बसलेत, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? त्यांनी अप्पांकडं बघितलं. डोळ्यांनीच हात जोडले म्हणा ना.

"हे आमचे साडू, देगलूरचे," सर म्हणाले. "आणि हा रामलिंग. मंजूचा मावसभाऊ."

मला वाटलं, अप्पा आता उखडणार. त्यांचा राग अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. "हाव," म्हणाले, "मावसभाऊ."

पोहे पुन्हा आले. आम्हीही पुन्हा खाल्ले, घरचीच माणसं ना आम्ही! भागवतच्या आईनं अप्पांना पोरीचा स्वभाव विचारला. अप्पा म्हणाले, "लाखात एक हाय. ज्येच्या घरी जाईल त्याचं सोनं करंल." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. त्या बाईला वाटलं, काय माया आहे माणसाची.

भागवतचा बाप गाडीभोवती दोनदा फिरून आला. बायकोच्या कानात काहीतरी बोलला. असले पाहुणे पाठीशी म्हणल्यावर त्यांना आणखी काही विचारायचंच उरलं नाही. "आम्हाला पसंत आहे," तो म्हणाला. "मुलगी हो म्हणत असेल तर आजच कुंकू लावून जातो." मंजुश्रीनं मान हलवली.

म्हणजे मामांची गाडी लागू पडली शेवटी. मामा भिंतीला टेकून बसले होते, त्यांना माझ्याकडं बघायचा धीर होईना.

"कानपिळीचा मान तुमचा बरं का," भागवतचा बाप माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "आणि नवरीला मांडवात ह्याच गाडीतून आणायचं!"

"हाव," मी म्हणलो. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा तो बायकोच्या भावानं. अजून काय म्हणणार होतो मी?

कुंकू लागलं, ओटीत नारळ पडला, साखर वाटली. तिची आई म्हणाली, "मंजू, सगळ्या मोठ्यांच्या पाया पड." ती ओळीनं निघाली. भागवतचे आईबाप, तिचे वडील, अप्पा, चुलते, मामा. मग माझ्यापुढं आली आणि थांबली. मी मनात म्हणलो, नको, पुढं जा. पण भागवत बघत होता, त्याची आई बघत होती. आणि मोठ्या मावसभावाला वगळून कशी जाईल ती?

ती वाकली. माझ्या दोन्ही पायांना तिची बोटं लागली. सात वर्षांत एखाद्या पोरीचा हात लागला तो हा असा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि भाऊ म्हणतो तसं म्हणलो, "सुखात ऱ्हा, बाई."