समोरचे दोन दात

दुपारी सव्वाबाराला शाळेतून फोन आला. शिशुवर्गातल्या एका मुलीच्या हाताला कुणीतरी कडकडून चावलं होतं. रक्त आलं होतं. त्या वेळी खेळाच्या सामानाच्या खोलीत दोनच मोठी मुलं होती, आणि त्यांतली एक भिंगरी.

"ताबडतोब या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तिच्या वडिलांनाही आणा."

वडील बंदरावर क्रेनच्या टोकाला बसले होते आणि त्यांचा फोन नियमाप्रमाणे खाली कपाटात. म्हणजे जायचं एकटीनेच. नवीने हातातली मेणाची कवळी गार पाण्यात ठेवली आणि एप्रन सोडला.

"आज काय मोडलं पोरीने?" शेजारच्या टेबलावरचे म्हातारे कारागीर मान वर न करता म्हणाले.

"मोडलं नाही काका. चावली म्हणतात."

"वा. म्हणजे तू दात बनव आणि तिने ते वापरावेत."

नवी हे तिचं नाव नव्हे. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी इमारतीतल्या बायका तिला 'नवी' म्हणत, कारण जुनी त्यांना आठवत होती. जुनी दुसऱ्या गावी दुसऱ्या संसारात रमली होती. मुलीच्या वाढदिवसाला तिचा फोन यायचा, कधी तोही यायचा नाही. भिंगरी नवीला काहीच म्हणत नसे. हाक मारायची तर 'ए', आणि फार संतापली तर 'कवळी'.

भिंगरीला आठवं लागलं होतं. या दोन वर्षांत तिने घरातले पडदे फाडले होते, गादीत कात्री खुपसली होती, वडिलांचे बूट खिडकीतून खालच्या गाडीवर टाकले होते आणि नवीच्या मनगटाला दोनदा चावा घेतला होता. समुपदेशक बाई म्हणत, जबरदस्ती करू नका, तिला तिची जागा द्या. नवीने जागा दिली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून जेवायची, तिला तसं जेवू दिलं. दार लावून दात घासायची, लावू दिलं. ती झोपेत दात करकरा खाते म्हणून नवीने सहा महिन्यांपूर्वी तिच्या दातांचं माप घेतलं होतं, त्यावरून रात्री घालायचं कवच बनवलं होतं. ते पहिल्याच रात्री संडासात गेलं. साचा तेवढा कारखान्यात फळीवर राहिला.

शाळेने मागच्या महिन्यात निर्वाणीचं सांगितलं होतं: पुन्हा कुणाला इजा झाली तर नाव काढू. मग उरत होती ती आत्याने शोधलेली निवासी शाळा, रेल्वेने पाच तास लांब. नवरा-बायको ती बघून आले होते. स्वच्छ होती, शिस्तीची होती. जेवणघरात एक मुलगा संथपणे भिंतीवर डोकं आपटत होता आणि शेजारी जेवणाऱ्यांपैकी एकही वळून बघत नव्हता. परतीच्या गाडीत नवीने इतकंच म्हटलं होतं, "तिथे नाही." नवरा काही बोलला नव्हता. त्याचं हो होतं की नाही, हे तिला आजही ठाऊक नव्हतं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत भिंगरी खुर्चीवर पाय हलवत बसली होती, ओठ घट्ट मिटून. दुसऱ्या कोपऱ्यात तिच्याच वर्गातला एक चष्मेवाला मुलगा हुंदके देत होता. वर्गात त्याला चष्म्या म्हणत.

"हा म्हणतो तिने केलं. ही काही बोलतच नाही, नुसतं त्याच्याकडे बोट दाखवते. आणि ती चिमुरडी इतकी घाबरलीय की कुणाचंच नाव घेत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "खरं सांगायचं तर मला शंका नाही. पण विचारल्याशिवाय निर्णय घेतला असं व्हायला नको."

"मला हात बघता येईल?" नवीने विचारलं.

चिमुरडीला आणलं. कोपराच्या खाली दातांची कमान उमटली होती, जांभळी पडत चाललेली. नवी गुडघ्यांवर बसली. आयुष्यभर ती तोंड नसलेले दात बघत आली होती; ही खूण तिला छापील अक्षरासारखी वाचता येत होती. वरच्या कमानीत मधोमध दोन रुंद ठसे, शेजारी शेजारी, पूर्ण.

तिच्या डोळ्यांसमोर फळीवरचा साचा आला. त्यात वरच्या समोरच्या दोन दातांपैकी उजवा नव्हताच. तिथे फट होती.

"ही नाही," ती उठत म्हणाली.

"म्हणजे?"

"मॅडम, मी दातांचंच काम करते. हिचं माप मी स्वतः घेतलंय. समोरचा एक दात पडलाय हिचा. ही चावली असती तर इथे मध्ये मोकळी जागा दिसली असती. हे बघा, दोन्ही दात उमटलेत."

मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून बघितलं. "भिंगरी, तोंड उघड बघू."

भिंगरीने ओठ आणखी आवळले, खुर्चीचा हात धरला. तिचे खांदे वर चढले, आणि ते चढले की पुढे काय होतं हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"नको, मॅडम," नवी मध्ये उभी राहिली. "सक्ती केली की ती बिथरते. मी सांगतेय ना."

चष्म्याला सांगितलं तसं त्याने मुकाट्याने आ केला. समोरचे दोन दात, रुंद, पूर्ण.

त्याची आई रुग्णालयाच्या गणवेशातच धावत आली, तोवर सगळं ठरलं होतं. आठवडाभर घरी, आणि शेऱ्यात नोंद. "अहो, हा मुंगीवर पाय पडला तरी रडतो!" ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्या अशा बोलण्याला खोलीत किंमत नव्हती. तशी तर सगळ्यांचीच आई बोलते. नवीकडे मात्र पुरावा होता. बाहेर पडताना तिने त्या बाईची नजर चुकवली, पण पाठ ताठ होती. दोन वर्षं ती या खोलीत माफी मागायलाच आली होती.

रस्त्यावर भिंगरी तिच्या दोन पावलं पुढे चालत होती. मग एक पाऊल. मग बरोबरीने.

"ए. मला ते सफरचंद हवंय."

नवीने फळवाल्याच्या गाडीवरून सफरचंद घेऊन दिलं. फुटपाथच्या कडेने चालताना भिंगरीने विचारलं, "त्या बाईला राग आला का?"

"कुठल्या?"

"आमच्या मोठ्या बाईला. तू तिला खोटं पाडलंस." आणि ती हसली. तोंडभर, आवाज करून हसली. असं हसताना नवीने तिला कधी बघितलं नव्हतं. मग तिने सफरचंदाचा मोठा लचका तोडला.

नवी थांबली.

पांढऱ्या गरावर दोन रुंद ठसे होते, शेजारी शेजारी. उजव्या ठशाची कड बारीक करवतीसारखी होती. नवा दात असाच येतो. चावून चावून कड झिजायला वर्ष-दोन वर्षं जातात.

"हा दात कधी आला?"

"कधीचाच." भिंगरी चावत म्हणाली. "तू बघितलाच नाहीस."

खरंच होतं ते. पोरगी किंचाळली की नवी तिच्या हातांकडे बघायची, हातात काय आहे म्हणून. चावली की स्वतःचं मनगट सोडवायची. गप्प असली की समुपदेशक बाईंच्या सल्ल्याप्रमाणे लांब राहायची. माप घेतल्यापासून सहा महिने एका छपराखाली राहून तिने त्या तोंडात डोकावलं नव्हतं. प्लास्टरचा साचा बघितला होता, तोही मनातल्या मनात.

"भिंगरी. तू चावलीस का तिला?"

"तूच सांगितलंस ना, मी नाही म्हणून."

"मी तुला विचारतेय."

भिंगरीने सफरचंद फिरवून दुसऱ्या बाजूने चावलं. "ती रडत होती. थांबतच नव्हती. सारखं आपलं आई-आई, आई-आई." मग, वर न बघता, "आता तू सांगणार?"

"माहीत नाही," नवी म्हणाली.

घरी आल्यावर जे झालं त्याने नवीचा जीव आणखी खालीवर होऊ लागला. काहीच झालं नाही. भिंगरीने दप्तर फेकलं नाही. ती टेबलाशी बसून जेवली, भिंतीकडे पाठ करून, समोर बघून. कवळीत दात कसे बसवतात, माणूस मेल्यावर त्याची कवळी कोण घेतं, असे प्रश्न विचारले. नवीने एकच पेला तीनदा विसळला. खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

बंदरावरची पाळी संपल्यावर नवऱ्याचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. पलीकडे वारा घोंघावत होता.

"म्हणजे मिटलंय ना?" तो म्हणाला.

"मिटलं नाही रे. त्या पोरावर ढकललंय मी."

"आठवडाभर घरी बसेल, सुट्टी समजून खेळेल. आपली कुठे जाईल ते माहितीय ना तुला? तूच म्हणालीस, तिथे नाही."

"म्हणाले."

"मग झाकली मूठ राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ."

"त्याच्या शेऱ्यात आता तेच लिहिलंय जे हिच्या शेऱ्यात पहिल्यांदा लिहिलं होतं. शब्दन् शब्द. मग पुढचं कुणी काही केलं की पहिलं बोट त्याच्याकडे."

"अगं, पण आज ती तुझ्याशी बोलली म्हणतेस. जेवली म्हणतेस." त्याचा आवाज बारीक झाला. "मी येतो घरी. तोवर काही करू नकोस. शपथ आहे."

फोन ठेवला तेव्हा भिंगरी दारात उभी होती. किती ऐकलं होतं तिने, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"मी शाळेत फोन करणारेय," नवी म्हणाली. "आधी तुला सांगतेय."

"मग मला त्या लांबच्या शाळेत टाकतील."

"मी भांडेन. पण टाकणारच नाहीत, असं खोटं नाही सांगणार."

"मग मघाशी खोटं का सांगितलंस?"

"मला खरं वाटलं होतं."

"कवळी!" भिंगरी ओरडली. दातओठ खात तिच्या अंगावर धावली, हात धरून मनगट तोंडाशी नेलं. नवीने हात ओढला नाही. या खेपेला ती तोंडाकडे बघत होती. करवतीसारख्या कडेचा दात तिच्या कातडीला टेकला, तसाच क्षणभर राहिला. मग भिंगरीने हात झटकून दिला, बूट घातले आणि दार आपटून बाहेर गेली.

नवी मागे धावली. ती लांब गेली नव्हती. जिन्याच्या वळणावर, पायरीवर बसली होती, बुटांचे बंद बांधून, तोंड रस्त्याच्या दिशेने. नवीने दार उघडं टाकलं, तिथेच उंबऱ्यात उभं राहून फोन लावला, म्हणजे पोरगी नजरेआड व्हायला नको. आणि बोलणं तिला ऐकू यायला हवं.

"मॅडम, दातांचं माझं चुकलं," ती म्हणाली. "मी जुन्या मापावरून बोलले. तो दात आलाय. त्या मुलाने काही केलेलं नाही."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्हाला याचा अर्थ कळतोय ना?"

"कळतोय. मला बोलायचंय त्यावर. तिच्याबद्दल."

"मुलाच्या आईला मी आत्ताच फोन करते. तुमचं मात्र..." त्या थांबल्या. "उद्या मुलीला घेऊन यायचं की तुम्ही दोघांनीच यायचं, ते संध्याकाळी कळवते."

सात वाजता नवरा आला. जिन्यात बसलेल्या मुलीला बघून त्याला काय ते समजलं. तो वर दारापर्यंत आला नाही. मुलीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला, आणि ती सरकून खालच्या पायरीवर गेली. नवी उंबऱ्यातच होती.

आठ वाजून गेले तरी शाळेतून फोन आला नव्हता.