तंबाखूचा हात

साहेब, रोग तुम्ही पसरवलात. आणला कुणी ते मागनं बघू. पण पुंजारामच्या धडधाकट वावरात तो तुमच्या बोटांनी गेला, हे आधी ऐकून घ्या.

अकोले तालुक्यात पुंजारामचे टोमॅटोचे दोन तुकडे. विहिरीकडच्या तुकड्यात पानं हिरवी-पिवळी चट्टेरी झाली, शेंडे पिळवटले, म्हणून त्यानं तुम्हाला, शेतकी खात्याच्या साहेबांना, बोलावलं. पाहुण्याला कोरडं कसं ठेवायचं? त्यानं चंची सोडली. बांधावर बसून दोघांनी तंबाखू मळली, बार भरला. मग तुम्ही रोगट पानं चुरगाळून बघितलीत, "पांढऱ्या माशीचं काम आहे, फवारा मारा," म्हणालात, आणि तेच हात घेऊन वरच्या तुकड्यात शिरलात. तुम्ही पुढं, पुंजाराम मागं, दोघंही सहज फुटवे खुडत.

तो वरचा तुकडा वाचला तरच त्याचा हंगाम वाचणार होता.

थोड्या दिवसांनी त्या तुकड्यात चट्टे उमटले. माशीनं केले असते तर कुठंही उमटले असते. हे बांधापासून सरळ निघाले, नळाच्या कोंडाळ्यापाशी वळले, पलीकडच्या सरीनं परत आले. तुम्ही चाललात तश्शी वाट. पुंजाराम बघतच राहिला.

कृषी पदविका झालेली त्याची सून रोहिणी म्हणाली, "आबा, हा विषाणू हातानं जातो. चंचीतल्या तंबाखूतसुद्धा असू शकतो."

"वाळल्याली, भाजल्याली तंबाखू! त्यात कोण जित्तं ऱ्हातंय?"

"तो जित्ता न्हाईच. खात न्हाई, श्वास घेत न्हाई. नुसता एक धागा, त्यावर हुकूम लिहिलेला, वरून कवच. पडून ऱ्हातो. फुटवा खुडला की जखम होते, तिथून पेशीत शिरतो, कवच उतरवतो."

"मंग?"

"पेशीत हुकूम वाचून माल बनवणारी यंत्रं असतात. हुकूम कुणाचा, ती विचारत न्हाईत. ती आधी त्याच्यासाठी नक्कल काढणारा कारकून बनवतात. कारकून धाग्याची उलटी प्रत काढतो, उलटीवरनं सुलट्या, हजारोंनी. मग यंत्रं कवचं बनवतात, ती धाग्याभोवती आपोआप बसत जातात. पेशी-पेशीत बारीक वाटा असतात. त्या रुंद करायचं हत्यारबी पेशीच घडवून देते."

पुंजारामनं एक पान सूर्याकडं धरलं. नखाएवढ्या हिरव्या तुकड्यात लाखो कारखाने चालू होते आणि आवाज कसला तो नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला.

"म्हंजी घर झाडाचं, चूल झाडाची, पीठबी झाडाचंच, अन् भाकरी त्येची?"

"व्हय आबा."

"आन् न्हेऊन सोडला कुनी? आमी. लई मोठी करणी हाय, पोरी. इतकुसा धागा, आन् समद्या रानाला कामाला लावतोय."

मग त्यानं त्या वाटेवरची झाडं, आजूबाजूच्या चांगल्या सरींसकट, उपटून गोणीत भरली. चंची घरी ठेवली. रोहिणीनं बांधावर दुधाचं पातेलं आणलं. दुधात हात बुडवले की रोग हातानं जाणं कमी होतं म्हणे.

"डेअरीवाला बघंल तर म्हणंल, पुंजाराम राजा झाला, दुधानं हात धुतोय!" तो हसला, पण प्रत्येक सरीला हात बुडवत राहिला. तुकडा तगला.

काल तुम्ही कुणाच्या तरी रोगट वावरातून थेट शेजारच्या बजरंगच्या बांधावर उतरलात. गालात बार होताच. पुंजाराम पातेलं घेऊन वाटेत आडवा उभा राहिला.

"साहेब, आदी हात."

"मला शिकवतोस?"

"शिकवत न्हाई, इचारतोय. गावोगाव बांध तुडवलं तुमी. हातानं जातंय, हे ठावं हुतं का न्हवतं? ठावं हुतं तर आमाला सांगितलं का न्हाई? न्हवतं, तर कशाच्या जोरावर साहेब झालात? बोला. उत्तर मिळाल्याबिगर बजरंगच्या वावरात पाय पडायचा न्हाई."