गुळाचा डबा आणि तीस ग्रॅमची भाकरी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, पाठीला रबर लावलेलं. झरी गावातल्या एका स्वयंपाकघराच्या फळीवर, गुळाच्या डब्याशेजारी पडून असतो. पण पूर्वी माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

दोन वर्षांपूर्वी सत्यशीलाबाईंना शुगर निघाली. त्यांची सून सुकेशनी हिनं माझ्यात जेवणाची नोंद ठेवणारं एक ॲप घेतलं. रोज ती लिहायची: भाकरी दोन, वरण एक वाटी, मेथीची भाजी. मी लगेच हिरवी खूण दाखवायचो. "सगळं बेतात हाय," म्हणून ती खूश, आणि मी तिच्याहून खूश. शेजारणीसुद्धा माझं कौतुक करायच्या. मी पार फुगून गेलो होतो, हे आज कबूल करतो.

पण शुगर काही उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि विचारलं, "गोड खाता का?" तिथून घरात संशय शिरला. एके दिवशी सुकेशनीनं मला सासूपुढे धरलं.

"आई, खरं सांगा, चोरून गूळ खायलाव का? मोबाइलमधी तर सगळं बरोबर हाय."

"न्हाई गं माय. तू वाढतीस तेवढंच खायले मी."

सुकेशनीनं माझं खरं मानलं. गुळाचा डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. अंगणवाडीत तीस वर्षं लेकरांना खाऊ वाटताना जिनं एक दाणा तोंडात टाकला नाही, ती बाई स्वतःच्या घरात चोर ठरली. मला तोंड नव्हतं. असतं तरी काय बोललो असतो? माझी चूक मलाच ठाऊक नव्हती.

ती सापडली सत्यशीलाबाईंनाच. एका दुपारी त्यांनी चष्मा लावून मला उघडलं. भाकरीपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: एक भाकरी, तीस ग्रॅम पीठ. आपल्याकडे भाकरी मोजतात, तोलत कुणी नाही, म्हणून तिकडे कुणाची नजरच गेली नव्हती. बाई उठल्या. रोजच्या अंदाजानं एका भाकरीचं पीठ ताटलीत काढलं आणि जीवनच्या किराणा दुकानात जाऊन काट्यावर ठेवलं. शंभर ग्रॅम भरलं!

"अगं, तीस ग्रॅमात तर पोराची इवलीशी चानकी भाकरबी व्हायची न्हाई," त्या घरी येऊन सुनेला म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

मी दोन भाकऱ्या लिहीत होतो आणि माझ्या मापानं त्यांच्या पोटात सहाच्या वर जात होत्या. सुकेशनीचा चेहरा उतरला. तिनं तिथल्या तिथं 'चूक कळवा' दाबून लिहिलं: आमच्या झरीत एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ लागतं. तीन आठवड्यांनी ॲपवाल्यांनी आकडा सुधारला. ताटातल्या दोन भाकऱ्यांची एक झाली, शुगर हळूहळू उतरली. सुकेशनीनं रडून माफी मागितली, डबा फळीवर परत आणून ठेवला.

सत्यशीलाबाईंनी माफही केलं. पण अजून पाहुणे आले, की डबा हाताशी असून त्या तिला हाक मारतात, "सुकेशनी, चहाला गूळ तूच काढून दे गं माय." मी शेजारीच असतो. फार लाज वाटते.

मित्रांनो, माझ्यातला आकडा तीन आठवड्यांत सुधारला. त्या बाईंचा हात काही अजून डब्याकडे गेला नाही. म्हणून एवढंच मागणं आहे: घरच्या माणसाचं आधी ऐका, मला नंतर विचारा.