बिनवंगणाची दमणी

मित्रांनो, गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली जी लाकडं पडली आहेत ना, ज्यांवर तुम्ही चढता-उतरता, कोंबड्या अंडी घालतात आणि तुमच्या आया खुशाल धुणं वाळत घालतात, ती लाकडं म्हणजे मी. मी एक जुनी दमणी आहे. शेगावापर्यंत मोटारी धावायला लागल्यापासून दमणी कशाला म्हणतात हेही पोरांना सांगावं लागतं. माणसं बसून जायची ती हलकी बैलगाडी, वर छत, पुढे हाकणाऱ्याची जागा आणि मागे बायामाणसांची. कडबा नि शेणखत वाहणारी ती खाचर वेगळी. माझ्यात कधी कुणी शेणखत भरलं नाही, एवढं लक्षात ठेवा!

वरवट बकालच्या तुळशीराम सुताराने मला घडवलं. चाकं बाभळीची, बाकी अंग सातपुड्याच्या सागाचं. तापून लाल झालेली लोखंडी धाव चाकांवर चढवून त्याने वरून घागरीने पाणी ओतलं, तेव्हा अख्खी आळी गोळा झाली होती. तुळशीराम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बैल बदलतीन, हाकणारे बदलतीन, पण हे गाडी नाई मोडत." ते ऐकून मी अशी फुगले की विचारू नका.

मला घेतलं होतं शेषरावांच्या लग्नासाठी. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ कार्तिकातच शेषरावांचं. नवी नवरी मनकर्णाबाई माझ्यात बसून सासरी आली. वाटभर ती रडत होती आणि रडता रडता हळूच माझ्या फळीवरचं कोरीव वेलबुट्टीचं काम बोटाने चाचपत होती. मला ती तेव्हाच आवडली.

आता त्या घरची एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही. घर माणसांनी भरलेलं, सासूबाई सरस्वतीबाई दिवसभर ओसरीवर, मग बोलणार कधी? मनकर्णाबाईला मीठ हवं असलं की ती मडक्याकडे तोंड करून म्हणायची, "मीठ सरलं वाटते." शेषराव दारातून गाईला सांगायचे, "उद्या बाजार हाय, आणू." गाय बिचारी मान हलवायची. असा त्यांचा संसार चालला होता.

पण त्या घरात आणखीही एक रिवाज होता. लग्नाच्या तिथीला जोडीने सातपुड्यात जायचं आणि झऱ्याकाठच्या महादेवाला नारळ फोडायचा. सरस्वतीबाईंचे गुडघे धरलेले, बाकीचे शेतात गुंतलेले, त्यामुळे तिसरं कुणी सोबत जात नसे. वर्षातला तो एक दिवस दोघांचा. हल्ली शहरात लग्नाचा वाढदिवस म्हणतात म्हणे. आमच्याकडे तो शब्द नव्हता, पण त्या दिवसाची वाट मात्र आम्ही तिघंही वर्षभर पाहायचो.

पहिल्याच वर्षी शेषराव घाईगडबडीत मला वंगण घालायला विसरले. एरंडेलात भिजवलेली चिंधी आसात कोंबली नाही की चाक कसं ओरडतं, ऐकलंय का कधी? गावातून निघाले ती मी बोंब मारतच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी कोरी दमणी आणि असा आवाज! रस्त्यालगत कापसाच्या वेचणीला आलेल्या बाया कानावर हात ठेवून हसत होत्या. एवढ्यात मागून मनकर्णाबाई पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

"आवं, ऐकलं का? या आवाजात आपलं बोलणं कोणालेच ऐकू जात नाई."

 शेषराव पुढेच पाहत असे हसले, की बैलही थबकले. "हाव वं, खरंच की!"

"मंग दरसाल असंच ठेवजा. या दिवशी वंगण नोका घालू."

झालं! तेव्हापासून दर कार्तिकात माझा आस कोरडा. गावातले लोक हाका मारायचे, "शेषराव, गाडी ओंगण बे! मेल्यावानी वरडून राह्यली!" शेषराव हात हलवून पुढे जायचे. माझं अंग झिजत होतं, मला राग यायचा, आणि खरं सांगू का, तो दिवस संपूही नये असं वाटायचं.

काय बोलायची ती दोघं! कोणती गाय गाभण आहे, कुणाच्या लग्नात वरण पातळ झालं, आभाळात ढग नाही तर थंडी लवकर पडणार का. तुरी फुललेल्या असायच्या, वाण नदीच्या पाण्यात बैल थांबून पाणी प्यायचे, पुढे घाट लागला की पिवळं पडलेलं गवत माझ्या चाकांना घासायचं. वर उंबराखाली शिदोरी सुटायची. मनकर्णाबाईला सीताफळं भारी आवडायची. ती खाताना बिया लांब उडवायची, लहान पोरीसारखी, आणि शेषराव म्हणायचे, "तुह्या सासूनं पाह्यलं तं?" ती म्हणायची, "तुमी सांगान तवा पाह्यतीन ना!"

आणि दरवर्षी घाट चढताना शेषराव एक गोष्ट विचारायचे. आवाज जरा खाली आणून, बैलांच्या पाठीकडे पाहत. "मनकर्णे, तू माह्या घरी सुखात हायेस का?"

ती दरवर्षी हसायची. "पुढच्या साली सांगीन."

"मांगच्या सालीबी तू असंच म्हणे."

"मंग घाई काय हाय? मी काय पळून चालली?"

हे त्यांचं ठरलेलं झालं होतं. तो विचारणार, ती टाळणार. त्यांना मूलबाळ झालं नाही. लोकांनी काय काय म्हटलं ते सांगत बसत नाही, पण त्यानंतर शेषराव तो प्रश्न विचारताना हसेनासे झाले. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. ती मात्र तसंच हसायची. तिला वाटायचं, हा आपला खेळ आहे.

मग एका वर्षी मनकर्णाबाईच्या गळ्यात गाठ आली. काढे झाले, लेप झाले, खामगावचा दवाखाना झाला. गाठ वाढत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी ती बोलली तर ओठ हलताना दिसायचे, ऐकू यायचं ते जवळ कान नेल्यावरच. आणि त्या घरात जवळ कान कोण नेणार?

त्या कार्तिकात सरस्वतीबाई म्हणाल्या, "या साली ऱ्हाऊ दे, देव समजून घेईन." मनकर्णाबाईने मान हलवली. नाही म्हणजे नाही. ती जाणारच.

आदल्या दिवशी शेषराव माझ्यापाशी आले, हातात एरंडेलाची वाटी आणि चिंध्या. मी चकितच झाले. त्यांनी दोन्ही चाकं काढली, आस पुसून लख्ख केला, तेल मुरवलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळाही काढून खुंटीला अडकवल्या. एकटेच पुटपुटत होते, "तिचं बोलणं ऐकू आलं पाह्यजे. या साली ऐकू आलं पाह्यजे."

मित्रांनो, त्या दिवशी मी गावातून अशी गेले की माझी मलाच चाहूल लागत नव्हती. मनकर्णाबाई गोधडीला टेकून, अगदी पुढे सरकून, शेषरावांच्या पाठीशी बसली होती. वाटेने ती थोडं थोडं बोलली. तुरी छान आल्यात म्हणाली. वाणेचं पाणी किती निवळ आहे म्हणाली. शेषरावांना शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि त्यांचे डोळे गळत होते. हाकणाऱ्याचं तोंड पुढे असतं, म्हणून तिला ते दिसलं नाही.

घाटात त्यांनी विचारलं, "मनकर्णे, सुखात हायेस का तू माह्या घरी?"

या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "उतरताना सांगीन. पण पुसजा. इसरू नोका."

"इसरीन कसा?"

वर झऱ्यापाशी त्यांनी नारळ फोडला. तिला खोबरं गिळवत नव्हतं. शेषरावांनी एक सीताफळ फोडलं, एकेक बी काढून टाकली, गर बोटांनी मऊ केला आणि तिच्या ओठांना लावला. दोन बोटं खाल्लं तिने. मग एक बी उचलून ती लांब फेकायला गेली, पण ती तिच्या पायाशीच पडली. दोघांनीही ते पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली.

उतरताना ती गोधडीवर कलली. शेषरावांनी एकदाच मागे पाहिलं. डोळे मिटलेले होते. झोप लागली बिचारीला, असं त्यांना वाटलं. कित्येक रात्री ती झोपली नव्हती. तिला उठवायचं कसं? त्यांनी बैलांना हाकारणंसुद्धा बंद केलं, नुसती कासऱ्याने वाट दाखवत राहिले.

पण ती जागी होती हो! मला फळ्यांतून कळत होतं. ती डोळे मिटून वाट पाहत होती, आता विचारतील, मग विचारतील. त्यांनी विचारायचं आणि मगच तिने बोलायचं, हे इतक्या वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. घाट संपला, वाण ओलांडली, ऊन कललं. शेवटी तिने हात उचलला. शेषरावांच्या पाठीपर्यंत नेला, बोटं सदऱ्याला लागणारच होती, इतक्यात समोरून कापूस वेचून बाया आल्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या. चारचौघींत नवऱ्याच्या पाठीला हात कसा लावणार? तिने हात मागे घेतला. बाया निघून गेल्या, तरी तो हात पुन्हा उचलला गेला नाही. ताकदच उरली नव्हती.

मग ती माझ्या फळीला गाल लावून म्हणाली, इतकं हळू की मी लाकडाची होते म्हणूनच मला ऐकू आलं, "लय सुखात होती मी. सांगजो त्यायले."

मला म्हणाली ती. मला!

गावकुसाजवळ वडाचं झाड आहे. तिथवर आलं की दोघांचं बोलणं दरवर्षी थांबायचं. त्या दिवशी शेषरावांनी तिथे बैल थांबवले. कधी थांबवले नव्हते.  आता वळा ना, मी मनात ओरडत होते, विचारा ना एकदा! पण बैलांना गोठ्याचा वास आला आणि ते आपणहून चालू लागले.

पौष लागायच्या आत मनकर्णाबाई गेली.

दिवस-कार्य उरकल्यावर सरस्वतीबाई ओसरीवरून पहिल्यांदाच लेकाजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "लेका, तुमी घरात काऊन नाई बोलले रे? म्या कदी नोका बोलू म्हटलं का?"

शेषराव म्हणाले, "तू समोर बसून राह्ये ना, माय."

"मी बसे, कारण मले जावाले दुसरी जागा नव्हती," म्हातारी रडत म्हणाली. "मीबी तुह्या बापाशी तोंड उघडून कदी बोलली नाई. तुमी बोलले असते तं मले गोडच लागलं असतं."

पुढे कितीतरी वर्षं शेषराव एकटेच मला जुंपून सातपुड्यात जायचे. आस कोरडा ठेवायचे, पहिल्यासारखा. मागची जागा रिकामी, त्यावर तीच गोधडी. घाट लागला की विचारायचे, "मनकर्णे, होती का तू सुखात?" मी जीव तोडून ओरडायचे, होती, होती! पण माझं ओरडणं म्हणजे नुसती कुरकुर. त्यांना त्यातून काय कळणार? उत्तराशिवाय ते घाट उतरायचे.

मग मोटारी आल्या, पुतण्याने मला विकायचं काढलं. शेषराव म्हणाले, "मी हाय तोवर नाई." मला या कडुलिंबाखाली आणून ठेवलं. छत फाटलं, वाळवी लागली. म्हातारे शेषराव संध्याकाळी काठी टेकत यायचे आणि माझ्यात बसायचे. पुढे नाही बसायचे ते, मागे, तिच्या जागी.

शेवटच्या कार्तिकात, त्या तिथीला, ते असेच बसले होते. फळीला गाल लावून त्यांनी विचारलं, "सांग ना वं. आता तं सांग."

मित्रांनो, वारा नव्हता, बैल नव्हते, चाक हलत नव्हतं. मी माझ्या जुन्या अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटलं आणि एक आवाज काढला. कर्र.

शेषराव दचकून सरळ बसले. माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, कळलं! एवढ्या वर्षांनी त्यांना कळलं!

ते हळूच उतरले. माझ्या चाकावर हात फिरवून म्हणाले, "वंगण पाह्यजे व्हय तुले? माहं ध्यानच नाई राह्यलं." घरात जाऊन एरंडेलाची वाटी आणली, माझ्या आसात तेल सोडलं, चिंधीने नीट चोळलं. तेवढा एक आवाज होता माझ्याकडे. तोही गेला.

होळीपर्यंतही ते राहिले नाहीत.

आता मी कितीशी टिकणार? यंदाच्या थंडीत कुणी ना कुणी माझी चाकं चुलीत घालेल. घालू द्या, लाकडाचा जन्म आहे. तोवर माझ्यावर उड्या मारायच्या त्या मारा, फक्त मागची ती कोरीव फळी तेवढी सांभाळा, तिच्यावर मनकर्णाबाईचा गाल टेकला होता. आणि एक करा. तुम्हांला देवाने तोंड दिलं आहे. घरातलं कुणी डोळे मिटून पडलेलं दिसलं तर झोपलं असेल म्हणून पुढे जाऊ नका, वळून विचारा. कुणी तुम्हांला विचारलं, तर पुढच्या साली सांगीन म्हणू नका.

लय सुखात होती ती. शेषरावांना सांगायचं होतं मला, ते तुम्हांला सांगते आहे.