बळदातला उंदीर

कल्याणने चिमट्याने उंदीर उचलला आणि पांढऱ्या तबकात, पोलीस अमीन आप्पारावच्या पुढ्यात ठेवला. अमिनाने खुर्ची एकदम मागे सरकवली.

"लांबूनच दावा की, डॉक्टरसाहेब. मला काय त्याचं बारसं करायचं हाय का?"

उंदीर क्लोरोफॉर्मने मेला होता, प्लेगने नव्हे. ही गोष्ट खोलीत दोघांनाच ठाऊक होती. एक कल्याण, धारूरच्या दवाखान्याचा डॉक्टर. दुसरा खिडकीपाशी पाठमोरा उभा असलेला डॉक्टर आडलर. आडलरने सकाळी या योजनेला होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. त्याने क्लोरोफॉर्मच्या बाटलीचे बूच काढून ती टेबलावर ठेवली होती आणि तो हात धुवायला निघून गेला होता.

अमीन मोमिनाबादेहून आडलरला न्यायलाच आला होता. एकोणचाळीस सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. युरोपात लढाई पेटली होती आणि निजामाच्या मुलखात जिथे कुठे जर्मन माणूस असेल तिथून त्याला पकडून नगरच्या छावणीत पोचवावे, असा इंग्रजांचा हुकूम फिरत फिरत बालाघाटाच्या या कडेपर्यंत येऊन पोचला होता. आडलर व्हिएन्नाचा. हिटलरने ते शहर घेतले त्याच वर्षी त्याची प्रयोगशाळा गेली, मग घर गेले, मग गल्लीतल्या बाकावर बसण्याची परवानगी गेली. प्लेगच्या तपासणीसाठी माणूस हवा होता म्हणून हैदराबादने त्याला नोकरी दिली. त्याची बायको आणि मुलगी मागाहून निघून त्रिएस्तेच्या बंदरापर्यंत आल्या होत्या. ते गावही एका हुकूमशहाचेच. परक्या ज्यूंनी आमच्या भूमीवरून चालते व्हावे, असा कायदा तिथेही झाला होता. त्या दोघींना बोटीवर चढता येणार होते ते एकाच आधारावर: घरचा माणूस हिंदुस्थानात सरकारी चाकरीत आहे. आडलर छावणीत गेला की चाकरी संपली, आणि चाकरी संपली की परवानाही संपला.

कल्याणने हे सगळे दोनदा तपासून पाहिले होते. मार्ग एकच निघत होता. प्लेगच्या गावातून माणूस बाहेर जात नाही, आणि प्लेगच्या डॉक्टरला प्लेग हटेपर्यंत कुणी हलवू शकत नाही. ज्याचा पुरावा देता येत नाही ते गळ्यात कशाला बाळगायचे, म्हणून त्याने कॉलेजात असतानाच इष्टलिंग उतरवून आईच्या हातात दिले होते. असल्या माणसाने आज आयुष्यातले पहिले खोटे निदान टेबलावर मांडले होते, तेही तबकात घालून.

"मानेखाली पाहा," तो म्हणाला. "गाठ आहे."

गाठ नव्हती. अमिनाने पाहिलेही नाही. भ्यालेला माणूस निरीक्षण करत नाही हे कल्याणने गृहीत धरले होते, आणि ते बरोबर निघाले.

"म्हंजे गाव उठवावं लागतंय."

"उठवावं लागेल. आणि आडलरसाहेबांना हलवता येणार नाही. नियम सरकारचाच आहे."

"नियम मला बी ठाव हाय." अमिनाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर वरच्यांना काय सांगू? तुमचा जर्मन उंदरं मोजायलाय म्हनून?"

"ते जर्मन नाहीत."

"मग कोन हायत?"

"यहुदी."

"यहुदी मानूस जर्मन नसतो व्हय?"

"जर्मनी म्हणते, नसतो."

"आनि इंग्रज?"

"इंग्रज म्हणतात, असतो."

अमिनाने यावर क्षणभर विचार केला. दोन सरकारांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध होते आणि दोन्हींचा परिणाम एकच होता. "लई बेकार जागी जनमलाय बिचारा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरीची कणव होती. मग त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "बरं, ह्यो पडला कुठं?"

कल्याणने या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले नव्हते. प्रयोग त्याने नीट आखला होता, पण प्लेगचा उंदीर कुणाच्या तरी घरात मरून पडतो, हवेत पडत नाही, ही साधी बाब त्याच्या आखणीतून सुटली होती.

"बाजाराच्या बाजूला," तो म्हणाला.

"बाजूला म्हंजे? घर कुनाचं?"

"चौकशी चालू आहे."

"त्यात काय चौकशी?" अमिनाचा चेहरा उजळला. त्याने हनुवटीने ओसरीकडे खूण केली. तिथे भिवराबाई बसली होती. बाजारामागच्या ओढ्याकाठी कैकाड्यांची पालं पडली होती, त्यांतली ती वडीलधारी बाई. कैकाडी म्हणून त्या सगळ्यांना पोलीस चौकीवर हजेरी द्यावी लागे. टोपल्या विणताना बांबूची चीर तळहातात गेली होती आणि आडलर तिची रोज मलमपट्टी करत असे. "बाजारामागं ह्यांचीच पालं हायत. घान सगळी तिथलीच. आसाराम! रॉकेलचा डबा घे बे. पालं पेटवून दे सगळी. मानसं घाटाखाली हाकल, तेलगावच्या रस्त्याला लाव."

आसाराम नावाच्या पोलीस जवानाने भिंतीला टेकवलेली काठी उचलली.

भिवराबाई उठली नाही. बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरून ती म्हणाली, "सायब, आमच्यात उंदीर येत न्हाई. दानाच न्हाई, तर काय खायला येतोय त्यो?"

"तू गप. चौकीवर हजेरीला येशील तवा बोल."

आडलर वळला. त्याला मराठी येत नव्हते, पण रॉकेल हा शब्द त्याला कळत होता, आणि अमिनाच्या हाताची दिशाही. त्याने कल्याणला इंग्रजीत विचारले, "काय करायला सांगितलं त्याने?"

कल्याणने सांगितले. शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितले.

आडलर काही वेळ भिवराबाईच्या हाताकडे पाहत राहिला. पट्टी त्याच्याच हातची होती. "आमची गल्ली बंद केली तेव्हाही," तो म्हणाला, "कारण रोगाचंच दिलं होतं." मग तो कोटाच्या गुंड्या लावू लागला. एक गुंडी चुकीच्या काजात गेली; त्याने ती तशीच राहू दिली. "त्याला सांगा, प्लेग नाही."

"आणि त्रिएस्ते?"

आडलरने पुढची गुंडी लावली.

"ही माणसं कुठेही पालं ठोकतील," कल्याण भरभर बोलला. "हंगाम बदलला की ती जातातच. तुमच्या बायकोला दुसरी बोट मिळणार नाही."

बोलून झाल्यावर त्याला आपलेच वाक्य ऐकू आले. ते तर्काने बरोबर होते. सांगावे तर त्या दोघी बुडत होत्या. गप्प राहावे तर ओढ्याकाठची पालं जळत होती. तराजूची दोन्ही पारडी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि आपण माणसे तोलत आहोत, हे त्याला स्वच्छ कळले. तरी तो तोलतच राहिला. ओसरीवर रॉकेलचा डबा उचलल्याचा आवाज झाला.

आडलर टेबलाला वळसा घालून अमिनासमोर जाऊन उभा राहिला. "साब," तो म्हणाला. "साब, प्लेग..."

"उंदीर आमच्या बळदात पडलाय."

आवाज मागच्या दारातून आला. दवाखान्याची मागची भिंत आणि कल्याणच्या घराची भिंत एकच होती, आणि त्या दारातून त्याची आई बसम्मा दुपारची भाकरी घेऊन रोज येत असे. भाकरी ती मुलापेक्षा आडलरसाठी आणी. ताट त्याच्यापुढे ठेवून रोज एकच विचारी, "आल्या का?" आणि आडलर, त्याला तेवढे कळत असे, नकारार्थी मान हलवी. आजही तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

अमीन उठून उभा राहिला. "काय म्हनता, काकू?"

"बळदात. जवारीच्या. सकाळी पडला. मी झाकून ठिवला हुता, पोरानं बघितला आनि उचलून हितं आनला. आईचं नाव कसं सांगावं म्हनून घुटमळायलाय त्यो."

कल्याणने आईकडे पाहिले. भिंतीतल्या धान्याच्या त्या बळदातूनच त्याने पिंजरा काढला होता, आणि पिंजरा घेऊन बाहेर पडताना ती चुलीपाशी बसलेली होती. उंदीर तेव्हा पिंजऱ्याच्या तारा चावत होता.

अमिनाने एकही उलट प्रश्न विचारला नाही. त्याला कारण होते. धारूरात उंदीर पडला की ज्याच्या घरी पडला तो अंधार पडताच तो उचलून शेजाऱ्याच्या उकिरड्यावर टाकून येई, शेजारी तो आणखी पुढच्या आळीत नेऊन टाकी. उंदीर कबूल करणे म्हणजे घर फोडायला देणे. आपल्या घरी उंदीर पडलाच नाही अशी खोटी शपथ घेणारे त्या गावात पुष्कळ होते. आपल्या घरी पडला असे खोटे सांगणारा अजून जन्माला यायचा होता.

"काकू, छत फोडावं लागंल," अमीन खालच्या आवाजात म्हणाला. "बळद उकरून दाना जाळावा लागंल. दुकान बी भिंतीला भिंत लागून हाय, ते बी बंद. मन्मथप्पांना इचारलं का?"

"त्येंना मी सांगते. तुमी आधी त्या पोराला हाक मारा. डबा घिऊन तिकडं कुठं चाललाय? घर हिकडं हाय."

अमिनाने हाक मारली. आसाराम परत आला. आडलर अजून अमिनासमोर तसाच उभा होता, वाक्य अर्धे राहिले होते. अमिनाने त्याच्याकडे पाहून मान डोलावली. "हां साब, प्लेग. मालूम हुआ. अब आप इदरिच रैना, प्लेग खतम होने तक."

तिन्हीसांजेच्या आत घर उघडे पडले. माळवदाच्या छताला कुदळीने भोके पाडली, आणि जिथे कधी ऊन पोचले नव्हते त्या देवळीत, चुलीवर, बसम्माच्या बाजेवर उन्हाचे चौकोन पडले. बळद फोडले. ज्वारी, तूर, बियाण्यासाठी राखलेले करडईचे गाठोडे अंगणात ओतून त्यावर रॉकेल शिंपडले. धान्य लवकर पेटत नाही, धुरकटत राहते. कल्याणचे वडील मन्मथप्पा बंद दुकानाच्या पायरीवर बसून ते पाहत होते.

"गावात कुनाच्या घरात न्हाईत उंदरं?" ते शेवटी म्हणाले. "मग आपलंच घर कावून?"

"आपल्याच घरातला हुता म्हनून," बसम्मा म्हणाली. बायकोच्या तोंडाकडे त्यांनी एकवार पाहिले आणि उपरण्याने डोळे पुसले. धूर फार होता.

कल्याण तिच्याजवळ गेला. "अव्वा, तो जिवंत होता. तुला ठाऊक होतं."

"पिंजऱ्यात नाचत हुता की."

"मग तू खोटं..."

"तू कावून गप बसलातास?"

तिने हे रागाने विचारले नव्हते. खरोखर जाणून घ्यावे तसे विचारले होते. प्रश्न नीट विचारला असेल तर त्याचे उत्तर शोधायचे, ही कल्याणची जुनी सवय होती. त्याने शोधले. उत्तर सापडले. तो गाडीला बैल जुंपायला गेला.

गाव उठत होते. बिऱ्हाडे आपापल्या रानाकडे निघाली होती, गाड्यांवर भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसे. मन्मथप्पांच्या गाडीला मात्र कुणी वाट देईना. त्यांच्या रानातली विहीर भावकीत सामाईक होती. भावकीतली माणसे बांधावर हाताची घडी घालून उभी होती. "मन्मथप्पा, राग मानू नका," त्यांच्यातला एक म्हणाला, "पर उंदराचं घर हाय तुमचं. आमच्यात लेकरंबाळं हायत." सकाळपर्यंत त्याच माणसाला कल्याण खोकल्याचे औषध देत होता. गाडी वळवावी लागली. दुसऱ्या शेतावरही तेच झाले. दवाखानाही बंद झाला होता, म्हणून आडलर आपली पेटी खांद्यावर घेऊन गाडीमागून चालत होता. त्याला कुणी काही समजावून सांगितले नव्हते आणि त्याने विचारलेही नव्हते. एकदा चढावर गाडी अडली तेव्हा तो चाकाला खांदा लावायला पुढे आला. बसम्माने त्याला हाताने मागे सारले आणि पेटी गाडीवर ठेवायला लावली.

उजेड कमी होता होता गाडी ओढ्याकाठी येऊन थांबली. यापुढे रस्ता नव्हता.

पालांतून कुत्री भुंकत आली. त्यांच्यामागून भिवराबाई आली. तिने गाडीकडे पाहिले, बैलांकडे पाहिले, कोटावर धूळ बसलेल्या आडलरकडे पाहिले. मग ती मागे वळून ओरडली, "सरका बे तिकडं! शेळ्या हलवा. पाल लावायचं हाय."

दोन पोरगे बांबूचे तट्टे घेऊन धावले; एक त्यांनी खाली अंथरला. भिवराबाईने बांधलेला हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने दगड उचलून जमिनीत मेख ठोकायला घेतली. बसम्मा गाडीतून उतरली. कैकाडणीच्या तट्ट्याला आजवर कधी तिचा पाय लागला नव्हता. ती थोडा वेळ उभी राहिली, मग पदर सावरून त्याच तट्ट्यावर बसली.

"मानसं किती, माय?" भिवराबाईने विचारले.

बसम्माने गाडीकडे पाहिले. नवरा बैल सोडत होता. मुलगा जू धरून उभा होता. आडलर पलीकडे ओढ्याच्या पाण्यात तोंड धूत होता.

"चार," ती म्हणाली. मग म्हणाली, "आनि दोघी यायच्या हायत."

कुठून, ते भिवराबाईने विचारले नाही. तिने ठोकलेली मेख उपटली, लांब टांगा टाकत मागे सरकली, आणि तिथे नव्याने ठोकायला लागली.