चढणीला कुणी उतरायचं नाही

जैतू शिदच्या जिप्सीत माणसं नऊ-दहा बसत, पण चढणीला गाडीत एकटा जैतूच असे. बाकीचे चालत. चाफेवाडीची ही रीतच पडून गेली होती. पनवेलचा रविवारचा बाजार करून गाडी परत आली की डोंगराच्या पायथ्याशी, साकवाजवळ, जैतू हँडब्रेक ओढायचा आणि मागची माणसं न सांगता खाली उतरायची. पुरुषांनी रेशनची पोती डोक्यावर घ्यायची, बायांनी टोपल्या. मग रिकामी जिप्सी धापा टाकत वर जायची आणि तिच्या मागून वाडी धापा टाकत यायची. सुट्टीला डोंगर बघायला येणारे शहरी लोक हा प्रकार पाहून हसत. हसणाऱ्याचं काय जातं? त्याला कुठे रोज चढायचंय!

दोष जैतूचा नव्हता, इंजिनाचा होता. आधीच ते हजार सीसीचं, त्यात दोनदा बोअरिंग झालेलं, आता घासायलाही काही उरलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन वर्षांपूर्वी जैतूनं एकदा हट्टानं सगळ्यांना बसवून गाडी चढवली होती. खडकाच्या वळणावर ती बंद पडली, मागे घसरली आणि दरीच्या कडेला ऐनाच्या झाडाला जाऊन अडकली. शेजारच्या भामाकाकीचा हात मोडला. त्या दिवसापासून वाडीनं कानाला खडा लावला.

हे सगळं असंच चाललं असतं. पण साळूचा गुडघा गेला.

साळू म्हणजे जैतूची बायको. करवंदं, कैऱ्या, शेवग्याच्या शेंगा, पावसाळ्यात रानभाज्या, ज्या दिवसांत जे मिळेल ते घेऊन ती अठरा वर्षं पनवेलच्या बाजारात बसत होती. हेतलबेनच्या कापडाच्या दुकानाची एक पायरी तिची होती. कागद नव्हता, पावती नव्हती. पण अख्ख्या बाजाराला ठाऊक की ती पायरी साळूची. गिऱ्हाइकं तिला नावानं विचारत यायची. डॉक्टरांनी सांगितलं, ‘चालणं चालेल, चढण बंद.’ आता डोंगरावर राहणाऱ्या बाईला चढण बंद म्हणजे बाजारच बंद.

“तू बसून राहा गाडीत,” जैतू म्हणाला होता. “तुझ्या एकटीचं वजन ते किती?”

“सगळी वाडी चालंल आन् मी राणीवानी बसू? भामाकाकी त्या हातानं टोपली घेऊन चालतं. मना नाय जमायचं.”

दोन महिने ती घरीच होती. मग हेतलबेनचा निरोप आला, पायरी दोघी-तिघी मागतायत, मी चैत्र संपेपर्यंत थांबते. “देऊन टाक म्हणावं,” साळू म्हणाली. अगदी सहज म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही, आणि सांजेला टोपली धुऊन, पालथी घालून माळ्यावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी जैतूनं तीन बकऱ्या विकल्या आणि गाडी काढली.

धनेश म्हात्रेचं गॅरेज जुन्या हायवेला होतं. माणूस तोंडाचा फटकळ आणि हाताचा देव. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला आणि लगेच बंद केलं.

“जैतूदादा, यो इंजन मेलाय. तू नुसता त्याला फिरवतोस.”

“मंग जिता करा.”

“नाय होनार. मोठा टाकू. तलोज्याच्या भंगारवाल्याकडं एक जिप्सी आलीय, मागून ठोकलेली. इंजन तेराशेचा, पेट्रोलच, नि एकदम ठणठणीत. त्याचा गिअरबॉक्स पन घ्यावा लागंल, तुज्या जुन्याचं बोल्ट त्याला जुलत नाय.”

जैतूनं आधी आरटीओत इंजिन बदलायच्या परवानगीचे कागद हलवले, मग इंजिन आणलं. गॅरेजच्या लोखंडी तुळईला साखळीची कप्पी टांगून जुनं इंजिन वर ओढलं तेव्हा खालची मोकळी जागा बघून त्याला कसंसंच झालं. कितीही कुचकामी असलं तरी सोळा वर्षांची सोबत होती. त्यानं जुन्या इंजिनाला हात लावून नमस्कार केला. धनेशनं ते पाहिलं आणि, नवल म्हणजे, ते इंजिन आपटू न देता हळूच खाली टेकवलं.

नवं इंजिन मात्र सरळ बसेल तर शपथ. चॅसीवरचे माउंटिंग दोन बोटं पुढे येत होते, ते कापून नव्यानं वेल्डिंग केलं. रेडिएटर मोठा घातला, तो पुढे सरकवावा लागला. सगळं आवळून झालं आणि शेवटी बॉनेट लावलं तर ते नीट मिटेना. नेमकं कुठे अडतंय ते बंद बॉनेटखाली दिसणार कसं? धनेश उठला, मागच्या घरात गेला आणि तांदळाच्या पिठाची मळलेली उकड घेऊन आला. मागोमाग त्याची बायको वेणू, हाताला पीठ तसंच.

“अवो, ती भाकरीची उकड हाय!”

“भाकरी मंग दे. आधी इंजनाला जेवू दे.”

त्यानं उकडीचे लिंबाएवढे गोळे इंजिनावर ठिकठिकाणी ठेवले, बॉनेट दाबून लावलं आणि उघडलं. चार गोळे जसेच्या तसे. एअर फिल्टरवरच्या गोळ्याची पार पापडी. “हां, ह्यो चोर!” धनेश म्हणाला. फिल्टरची बैठक कापून खाली घेतली, पुन्हा गोळा ठेवला, पुन्हा बॉनेट लावलं. या खेपेला गोळा गोल राहिला. वेणूवहिनीनं कपाळाला हात लावला आणि त्या हातानं कपाळही पांढरं झालं.

सेल्फ मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन असं काही गर्जून उठलं की पलीकडच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. जैतूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पेट्रोलच्या वासावर ढकललं.

चैत्रातला तो शेवटचा रविवार. “इंजिन बदललंय, वाडीसाठीच केलंय, आता चढणीला कुणी उतरायचं नाय,” जैतूनं सकाळी सगळ्यांना सांगितलं. साळूनं टोपली काढली. “येते,” ती म्हणाली, “पन येताना चालावं लागलं, तर पायरी सोडली म्हून समज. परत म्हनायचं नाय.”

बाजार झकास झाला. कैऱ्या दुपारच्या आतच संपल्या. हेतलबेननं स्वतः चहा आणून दिला. जुनी गिऱ्हाइकं “इतके दिवस कुठे होतीस?” म्हणत भांडली. साळूचा चेहरा असा उजळला होता की जैतूला तिच्याकडे बघवेना, कारण खरी परीक्षा अजून पुढे होती.

आणि परीक्षेत त्यानं पहिल्याच प्रश्नाला माती खाल्ली. साकव आला, आणि जैतूच्या पायानं आपोआप ब्रेक दाबला, हातानं हँडब्रेक ओढला. सोळा वर्षांची सवय! जित्याची खोड ती. त्याला काही कळायच्या आत मागची फळी पडली होती आणि सगळी माणसं रस्त्यावर. पोती डोक्यावर, टोपल्या काखेत. साळूही उतरली होती, एका हातानं गुडघा धरून.

“अरं उतरलात कशाला? बसा, बसा!” जैतू ओरडला.

“तूच थांबवलीस की,” भामाकाकी म्हणाली. “आन् खरं सांगू, थांबवलीस ते बरं केलंस. तू वर जा. आमी येताव.”

“काकी, इंजिन नवं हाय!”

“हात जुनाच हाय रं माजा.”

कुणी हसलं नाही. ऐनाचं झाड सगळ्यांना आठवत होतं. दोघं-तिघं चढणीला लागलेही. साळू त्यांच्या मागे निघाली. पहिल्याच उंचवट्याला तिचं पाऊल अडखळलं, आणि जैतूचा बांध फुटला.

“साळू, थांब! सगळे ऐका. वाडीसाठी केलं, वाडीसाठी केलं, म्हून मी सांगत फिरलो ना? खोटं बोललो. मी हिच्यासाठी केलं. ही घरात बसली तं मना घर खायाला उठतं. बकऱ्या गेल्या, मना त्याचं काय नाय. पन ही जर आज चालत वर गेली, तं हे इंजिन मी दरीत ढकलून देनार. देवाशपथ!”

अठरा वर्षांच्या संसारात म्हणा, की सोळा वर्षांच्या ड्रायव्हरकीत म्हणा, जैतू एवढं सलग कधी बोलला नव्हता. वाडी तोंडात बोट घालून बघत राहिली. साळू लाजेनं लाल झाली, मग रागानं, मग दोन्ही एकदम. ती लंगडत परत आली आणि मागच्या फळीजवळच्या अगदी कडेच्या जागेवर बसली. गाडी घसरली तर पहिला मार तिथेच.

“मी बसले,” ती म्हणाली. “आता ज्याला चालायचं त्यानं चालावं.”

भामाकाकीनं क्षणभर आपल्या हाताकडे पाहिलं. मग टोपली आत टाकली आणि तिच्या शेजारी जाऊन टेकली. मग काय, सगळेच चढले.

जैतूनं फोर-व्हीलचा दांडा टाकला, पहिला गिअर. गाडी निघाली. कण्हली नाही, थरथरली नाही. पोटातून एक भरीव आवाज काढत चढायला लागली. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. खडकाचं वळण आलं आणि वळणाच्या बरोब्बर मधोमध भामाकाकीची गाय रवंथ करत बसलेली!

ब्रेक. गाडी थांबली, नाकाड आभाळाकडे. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. एरवी चौघांनी धावून जाऊन गाय हाकलली असती. आज एकही जण उतरेना. उतरलं की चालावं लागेल ना! भामाकाकी बसल्या जागेवरून गाईला अशा काही शिव्या द्यायला लागली की गाय लाजून उठली.

आता सगळं जैतूच्या पायात होतं. चढणीच्या मध्यावर, दहा माणसं, पाच पोती, आणि उभी गाडी पुन्हा हलवायची. जुनं इंजिन इथेच मेलं होतं. त्यानं ॲक्सिलेटर दाबला, क्लच कणाकणानं सोडला, हँडब्रेक खाली केला. गाडी वीतभर मागे गेली. साळूनं फळी घट्ट धरली. आणि मग चाकांनी खडक पकडला. जिप्सी बैलासारखी मान खाली घालून निघाली, वळण मागे टाकलं, ऐनाचं झाड मागे टाकलं, आणि थेट वाडीच्या पाराशी जाऊन उभी राहिली.

जो गलका झाला तो खालच्या गावातही गेला असेल. भामाकाकी मोडून जोडलेल्या हातानं टाळ्या वाजवत होती. घराघरांतून पोरं धावत आली.

जैतू उडी मारून मागे गेला, फळी पाडली आणि साळूपुढे हात धरला. “उतर.”

साळूनं हात पुढे केला नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

“अठरा वर्सं पायांनी चढले ही चढन,” ती म्हणाली. “बसून कशी दिसतं ते आज भीतीपायी बघितलंच नाय. चल, फिरव गाडी. खाली जाऊ नि परत येऊ.”

जैतूनं बाकीच्यांकडे पाहिलं. पोती, टोपल्या भराभर खाली आल्या. माणूस मात्र एकही उतरलं नाही. त्यानं फळी लावली आणि गाडी वळवली.