काचेआडचा इंजिनियर

समुपदेशन केंद्राच्या चार नंबरच्या खोलीत एका भिंतीला चांगला माणसाएवढा उंच आणि दारापेक्षा रुंद आरसा होता, आणि आयलेन रोल्दानचं त्या आरशाशी मुळीच पटत नव्हतं. आरसा नुसता म्हणायला. खोलीत बसणाऱ्याला त्यात आपलं तोंड दिसे आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्यांना अलीकडचं सगळं. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येकाला वर्षभर असंच शिकावं लागे. तुम्ही खऱ्या माणसाशी बोलायचं. तुमची गुरू आणि बरोबरचे दोघे आरशामागून बघणार, वहीत लिहिणार आणि तास संपला की तुमची सालटी काढणार. समोरच्या विद्यार्थ्याला हे सगळं आधी सांगून, त्याची सही घेऊनच चाले. सही करताना विद्यार्थी खांदे उडवत. आयलेनला मात्र वर्ष संपत आलं तरी त्या आरशाकडे पाठ करून बसावंसं वाटे.

गुरू म्हणजे निल्दा. वय साठीच्या पुढे, आवाज मऊ, आणि त्या मऊ आवाजात ती माणसाला सोलून काढी. आयलेनसाठी तिचा एकच ठरलेला शेरा होता: "फार गोड बोललीस." ऐकणाऱ्याला ही शाबासकी वाटेल. आयलेनला तो शेरा ऐकला की दोन दिवस जेवण जात नसे.

"कुणी रडायला लागलं की तू लगेच रुमाल पुढे करतेस," निल्दा म्हणे. "कुणाला लाज वाटली की 'छे, त्यात काय' म्हणतेस. अगं, त्यात काय ते त्यांना सांगू दे ना."

काचेमागच्या खोलीचा कायदा एकच होता. दिवा लावायचा नाही. तिकडे उजेड पडला की आरशाची साधी खिडकी होते, मग कसलं निरीक्षण आणि कसलं काय. तिकडे बसून हळू आवाजात बोलायला, हसायला, खायला मुभा होती, कारण भिंत जाड होती आणि अलीकडचा आवाज तिकडे स्पीकरवरून येई. आणि तिघं जण एका खोलीत दीड तास बसणार म्हटल्यावर माते नावाच्या पानांचा कडू काढा, तो प्यायची पोकळ भोपळी आणि गरम पाण्याचा थर्मास आलाच. तुकुमान शहरात त्याशिवाय दोन माणसं एकत्र बसत नाहीत.

डिसेंबर म्हणजे तिथला ऐन उन्हाळा; त्या सोमवारी दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आणि आयलेनसमोर रामिरो ओयोला बसला होता. ही त्याची सहावी भेट. अन्यातुया नावाच्या गावाहून आलेला, स्थापत्य अभियांत्रिकीचा, वय सत्तावीस, उंचीने एवढा की खुर्चीत घडी घालून ठेवल्यासारखा दिसे. शहरातली पोरं सगळ्यांना सरसकट तू म्हणत, पण हा आपल्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या आयलेनला डॉक्टर म्हणे आणि तुम्ही म्हणे. तिने वीसदा सांगून पाहिलं.

"आयलेन म्हण रे."

"बरं, डॉक्टर."

त्याचं दुखणं असं की सगळ्या परीक्षा झाल्या होत्या, एक सोडून. काँक्रीटच्या रचनांची तोंडी परीक्षा. तीन प्राध्यापक टेबलामागे बसतात, तुम्ही फळ्यापाशी उभे राहायचं. चार वेळा रामिरो त्या दारापर्यंत गेला होता आणि चारही वेळा नाव पुकारायच्या आत मागच्या जिन्याने उतरून बसस्टॉपवर उभा होता. आता येत्या गुरुवारची संधी शेवटची. ती हुकली की विषयाची मुदत संपणार आणि अख्खं वर्ष पुन्हा वर्गात बसावं लागणार. पाच भेटी झाल्या तरी एवढीशी गोष्ट त्याला एवढी का जड जाते ते बाहेर येत नव्हतं.

त्या दिवशी आलं.

"डॉक्टर, एक सांगायचं राहिलंय," तो गुडघ्यांकडे बघत म्हणाला. "माझ्या घरी मी इंजिनियर झालोय. दोन वर्षं झाली."

"म्हणजे?"

"माझा मित्र सेर्वांदो पास झाला तेव्हा कॉलेजबाहेर पदवीच्या रिवाजाप्रमाणे त्याच्यावर अंडी फोडत होते, पीठ टाकत होते. मी शेजारी उभा होतो. अर्धी अंडी माझ्यावरच पडली. कुणीतरी फोटो काढला. मला फोन आला आईचा, काय चाललंय म्हणून. मी फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. नुसता पाठवला."

"आणि आईने काय म्हटलं?"

"आईने तो फ्रेम करून लावलाय. देव्हाऱ्याशेजारी. आता गावातल्या क्लबला नवं छप्पर घालायचंय आणि त्यांनी ठरवलंय की हिशोब आपला इंजिनियरच करेल. मी दोन वर्षं गावाला गेलो की सगळ्या सभा चुकवतो. एकदा क्लबचा अध्यक्ष दारात आला तर मी कोंबड्यांच्या खुराड्यात लपलो, डॉक्टर. आणि त्या वेळी कोंबड्यांनीच मला अंडी दिली."

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की आयलेनला गाल आतून चावावा लागला. आणि नेमक्या त्याच क्षणी समोरची भिंत उजळली.

काय झालं ते नंतर कळलं. काचेमागे गास्तोन हसता हसता थर्मास चाचपत होता आणि त्याच्या कोपराने दिव्याचं बटण दाबलं गेलं. पण त्या घडीला एवढंच दिसलं की आरसा नाहीसा झालाय आणि तिथे तीन माणसं बसलीत. गास्तोनचं तोंड उघडं. देल्फिना वहीने तोंड झाकून हलतेय. आणि निल्दा, तीस वर्षांचा अनुभव असलेली निल्दा, चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन, हातात जाड पावाचा तुकडा धरून डोळ्यांतलं पाणी पुसत हसतेय.

गास्तोनने लगेच दिवा घालवला. आरसा पुन्हा आरसा झाला. रामिरो त्यात स्वतःकडे बघत राहिला.

"माझ्यावर हसतायत ना ते?"

आयलेनच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाही नाही, ते दुसऱ्याच कशावर तरी हसत असतील, तू मनावर घेऊ नकोस. वर्षभर तिने असली उत्तरं साखरेत घोळवून दिली होती. पण तो माणूस दोन वर्षं एका खोट्यात राहत होता आणि त्यातून बाहेर यायला इथे आला होता. त्याला आपण आणखी एक खोटं द्यायचं? तिला स्वतःचीच शिसारी आली.

"हो," ती म्हणाली. "तुझ्यावरच हसतायत. मलाही हसू आलं होतं. मी दाबलं."

रामिरो उठला. घडी घातलेला माणूस उलगडला की केवढा होतो ते तिला पहिल्यांदाच दिसलं. तो दाराकडे गेला. हा आता गेला तर गुरुवारी त्या दारापर्यंतही जाणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"थांब," ती म्हणाली. "त्यांनी तुला सहा आठवडे बघितलं. आता तू त्यांना बघ. तू पलीकडे बस, अंधारात. ते इथे येऊन बसतील. तू हवं ते विचार, त्यांनी उत्तर द्यायचं."

हे करायची परवानगी तिने कुणाला विचारली नव्हती. दार उघडून तिने तिघांना बाहेर काढलं तेव्हा निल्दाने एक भुवई वर केली, पण आली. अनवाणीच आली, पावाचा तुकडा हातात तसाच.

काचेमागे अंधारात आयलेन आणि रामिरो शेजारी शेजारी बसले. समोर उजेडात तिघे आपापल्या खुर्चीत अवघडले. गास्तोनला हातांचं काय करावं कळेना. देल्फिना केस सारखे करत होती. आरशात आपलीच तोंडं दिसतात आणि मागे कोण काय बघतंय कळत नाही, ह्याची मजा त्यांना आज कळत होती.

"मी आधी बोलते," निल्दा आरशाला म्हणाली. "रामिरो, मी हसले. खुराड्याचं ऐकून हसले. माफी मागते. आणि सांगते की माझ्या पहिल्या तोंडी परीक्षेला मी त्या तिघांसमोर उभी राहिले आणि माझंच आडनाव विसरले. त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते."

अंधारात रामिरोच्या नाकातून आवाज आला. आयलेनने वळून पाहिलं. हसतच होता.

"मला विचारायचंय," तो म्हणाला. आयलेनने त्याला पलीकडे बोलायच्या माइकचं बटण दाखवलं. तो त्याच्यावर वाकला. "मॅडम, तो पाव दोन्ही टोकांना धरा आणि मध्ये अंगठ्याने दाबा. कुठून फाटला?"

निल्दाने तसं केलं. "खालून."

"का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. देल्फिना म्हणाली, "वरून दाबला म्हणून?"

"वरून दाबला तर वरून का नाही फाटला? तुम्ही सांगा, दाढीवाले."

दाढीवाला गास्तोन घामाघूम झाला. "मला नाही येत बुवा."

मग रामिरो बोलायला लागला. तुळई वाकते तेव्हा वरचा भाग चेपतो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट चेपणं कितीही सोसतं, ताण मात्र जराही नाही, म्हणून लोखंडी सळ्या खाली घालायच्या. तो दहा मिनिटं बोलला, त्यांना प्रश्न विचारले, चुकले तिथे पुन्हा समजावलं. आवाजात ते दबकं 'बरं, डॉक्टर' नव्हतं. एवढा वेळ हा माणूस कुठे होता, असं आयलेनला वाटलं. मग मधेच तो उठला, भिंत चाचपली आणि बटण दाबलं. दिवा लागला. आता दोन्हीकडे उजेड होता आणि काचेतून तिघांना तो दिसत होता, उभा, आणि तो त्यांच्याकडे बघत सळ्यांबद्दलच बोलत राहिला.

तास संपल्यावर सालटी निघणार म्हणून आयलेन मान खाली घालून बसली. निल्दाने चपला घातल्या, वही मिटली.

"परवानगी न घेता केलंस."

"हो."

"आज गोड बोलली नाहीस." एवढंच म्हणून ती गेली. जाता जाता दारातून मागे वळली. "आणि गुरुवारी अभियांत्रिकीच्या इमारतीकडे फिरकायचं नाही. तो आपला पेशंट आहे, भाचा नाही."

गुरुवारी सकाळी दहा वाजता आयलेन अभियांत्रिकीच्या इमारतीत होती. तिथल्या कँटीनचं कटलेट घातलेलं सँडविच शहरात सगळ्यात चांगलं असतं, असं तिने स्वतःला पटवलं होतं. ते सँडविच घेऊन ती नेमकी तोंडी परीक्षेच्या खोलीसमोरच्या बाकावर येऊन बसली. बाकावर आधीच एक बाई होती. पन्नाशीची, चुणीदार स्कर्ट, मांडीवर भली मोठी कापडी पिशवी, पायांवर बसच्या प्रवासाची धूळ.

"तुझं कोण आहे आत, पोरी?" बाईने विचारलं.

"कुणी नाही. मी सँडविच खायला आलेय."

"मग खा की."

आयलेनने घास घेतला. तो काही केल्या गिळवेना.

"माझा मुलगा आहे," बाई म्हणाली. "उंच आहे. बघितलास का आत जाताना?"

पेशंटचं नावही बाहेर काढायचं नाही, हा नियम आयलेनने वर्षभर घोकला होता. तिने तोंड भरलेलं असल्याचा आव आणून मान नुसती हलवली. ती हो होती की नाही, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"सोमवारी फोन करून रडला. दोन वर्षं खोटं बोललो म्हणे. मी म्हटलं बरं. जास्त काही बोलले नाही." बाईने पिशवी पोटाशी ओढली. "फोनवर कसं सांगायचं की मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे?"

आयलेनचं चावणं थांबलं.

"फोटो पाठवला होता त्याने. अंडी, पीठ, सगळं. पण केस जिथल्या तिथे. अगं, माझ्या भावाच्या दोन्ही पोरी शिकल्या, मी बघितलंय. पदवी मिळाली की अंडी नंतर, आधी कात्री. डोक्याचं रान करून ठेवतात, त्याशिवाय कुणाला सोडतात का? आणि ह्याच्या डोक्यावर एकेक केस शाबूत."

"मग तुम्ही बोलला नाहीत?" आयलेनच्या तोंडून निघून गेलं.

"काय बोलायचं? तो सांगेल तेव्हा सांगेल. क्लबवाले दर महिन्याला यायचे छपरासाठी. मी म्हणायचे, त्याला मोठ्या पुलाचं काम आहे, पुढच्या महिन्यात बघू. दोन वर्षं तो पूल बांधतेय मी." ती स्वतःशीच हसली. "कितीला पास करतात गं?"

"चारला. दहापैकी."

"चार," बाईने घोकल्यासारखं म्हटलं.

आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो एकाच माणसाचा होता आणि थांबत नव्हता. आयलेनला रडू यायला लागलं होतं आणि रुमाल पुढे करायला शेजारी तिच्यासारखं कुणी नव्हतं. सँडविचच्या कागदाने तिने डोळे पुसले.

दार उघडलं. रामिरो बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलेला, बोटांना खडू. आधी त्याला आयलेन दिसली. तिने नजर सँडविचात घातली. मग शेजारी बसलेली दिसली.

"आई?"

ती उठली.

"चार," तो म्हणाला. "चार मिळाले, आई."

तिने पिशवीत हात घातला आणि आतून कपडे बेतायची मोठी कात्री काढली. रामिरो कात्रीकडे बघत राहिला, मग आईकडे. त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"वाक जरा," आई म्हणाली. "माझा हात पोचत नाही."